गावात सोलर येतंय, आधी माळ चालून बघा: पुरातत्त्वीय पाहणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0, म्हणजे शेतीला दिवसा वीज द्यायला गावात भाड्याच्या जमिनीवर सोलर प्रकल्प उभे करायची योजना, तिचं काम गावोगाव सुरू झाल्यापासून विदर्भातून, मराठवाड्यातून, नगर-पुणे पट्ट्यातून साधारण तेच तेच प्रश्न येत राहतात, कधी सरपंचांचे, कधी जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्यांचे, कधी सोलर कंपनीत साइटवर काम करणाऱ्या मुलांचे. म्हणून सगळे एकत्र केलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल असं लिहिलंय, जे दुसरीकडे आलंय त्याचा फक्त नंबर दिलाय.

1. सोलरआधी पुरातत्त्वीय पाहणी करायची म्हणजे नक्की काय करतात? आमचं शेत खोदून ठेवतील का?

नाही, पाहणीत खोदकाम नसतं. आधी कागद बघतात: गाव नकाशा, जुनं गॅझेटिअर, सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट, पुरातत्त्व खात्याच्या याद्या, आणि सॅटेलाइटचे जुने फोटो. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना विचारतात, कारण कुठे खापरं निघतात, कुठे दगडांचा गोल आहे, कुठल्या बांधावर जुनी मूर्ती टेकवून ठेवलीय हे त्यांना पाठ असतं. मग जमीन ओळीने चालून काढतात, दिसेल त्याचा फोटो आणि लोकेशन नोंदवतात, वस्तू जिथे आहे तिथेच ठेवतात. शेवटी नकाशावर खुणा करून सांगतात की हा तुकडा सोडा, इथे सांभाळून काम करा, बाकी मोकळं आहे.

खोदून बघायची वेळ आलीच तर ते कुणीही उठून करू शकत नाही. संरक्षित नसलेल्या जागेतही पुरातत्त्वासाठी उत्खनन करायचं किंवा कुणाला करू द्यायचं तर राज्य सरकारलासुद्धा केंद्राची आधी मान्यता लागते. तेव्हा कुणी "थोडं खणून बघू" म्हणाला तर त्याला परवानगीचा कागद मागा.

2. आमच्याकडे ना किल्ला ना लेणी, नुसता बरड माळ आहे. तिथे काय असणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरी अडचण पण इथेच आहे. सोलरवाल्यांना कशी जमीन हवी असते? पडीक, मुरमाड, पिकाला निकामी, थोडी उंचावरची, पाणी न साचणारी. आता विदर्भात लोहयुगातली माणसं, म्हणजे ढोबळमानाने इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातली, आपली माणसं कुठे पुरायची? अगदी अशाच जमिनीत. चांगली काळी जमीन त्यांनाही शेतीला लागायची, म्हणून पुरायला माळ. मोठे धोंडे गोलात मांडायचे, आत दगड-माती-मुरूम भरायचा, खाली हाडं, मडकी, लोखंडी हत्यारं, तांब्याच्या वस्तू. नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत, त्यातल्या काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे खड्डे आहेत. माहुरझरीला अशा वर्तुळांत घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज मिळालाय. पेंच नदीकाठी नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

आणि ही वर्तुळं दिसतात कशी तर काहीच वाटत नाही बघताना. गुडघ्याएवढे, कधी वीतभरच वर आलेले काळे धोंडे, मध्ये जरा फुगीर जमीन, वर गवत आणि टाकळा. एका बाजूचे दगड कुणीतरी बांधाला नेलेले असतात त्यामुळे गोल पुरा पण नसतो. जेसीबीवाल्याला ते निव्वळ अडथळा वाटतात, अर्ध्या तासात ढकलून कडेला ढीग करतो. पडीक जमीन आणि रिकामी जमीन यात फरक आहे, एवढंच मला प्रत्येक ग्रामसभेत सांगावंसं वाटतं.

3. ही पाहणी कायद्याने कम्पलसरी आहे का?

सरळ उत्तर: आपल्याकडे नाही. जमीन संरक्षित स्मारकाच्या आत किंवा जवळ असेल तरच कायदा आधी अडवतो (प्रश्न 11 बघा). बाकी ठिकाणी बांधकामाआधी जमिनीत काय आहे ते बघा असं सांगणारा सर्वसाधारण नियम नाही.

मोठ्या कारखान्यांना, खाणींना, धरणांना निदान पर्यावरण मंजुरीचा टप्पा असतो, त्यात आसपासच्या ऐतिहासिक जागांची माहिती द्यावी लागते. पण सोलर पीव्ही (पॅनलचे) प्रकल्प 2006 च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरचा परिणाम आधी तपासायला लावणाऱ्या अधिसूचनेत येत नाहीत, पर्यावरण मंत्रालयाने 2011 मध्ये तसं स्पष्टच केलं. म्हणजे तो एक दरवाजाही बंद. कुणाची वाईट बुद्धी म्हणून हे झालं नाही, सोलरला धूर नाही सांडपाणी नाही म्हणून सूट दिली, आणि ते बरोबरही आहे, पण त्यात जमिनीखालचं कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून आज हे काम गावाने मागितलं तरच होतं. ग्रामसभेचा ठराव, करारातली अट, आणि कंपनीची तयारी, या तीन गोष्टींवर सगळं आहे.

4. बाहेरच्या देशात कसं करतात? तिथेही असाच खेळखंडोबा आहे का?

इंग्लंडचं उदाहरण घ्या, तिथे शेतात सोलर फार्म टाकायचं तर प्लॅनिंग परवानगी लागते आणि जिथे काही असण्याची शक्यता आहे तिथे परवानगीच्या आधीच पाहणी मागतात, खर्च डेव्हलपरचा. 1990 पासून ही पद्धत पक्की झाली. आधी कागदी अभ्यास, मग मॅग्नेटोमीटर (जमिनीतल्या चुंबकत्वाचा फरक मोजणारं यंत्र) घेऊन सगळं शेत चालून काढतात, त्यात खंदक, खड्डे, भट्ट्या उमटतात, मग गरज असेल तर चर खणून खात्री. काही सापडलं तर बहुतेक वेळा प्रकल्प रद्द होत नाही, पॅनलच्या ओळी सरकतात किंवा तेवढ्या तुकड्यात खांब न ठोकता जमिनीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर पॅनल बसवतात.

आपल्याकडेही हे नवीन नाही हं. नागार्जुनसागर धरणाआधी 1954 ते 1960 मध्ये नागार्जुनकोंडा या आंध्रातल्या जुन्या बौद्ध स्थळाचं खोरं खणून काढलं, वास्तू हलवून उभ्या केल्या. आधी बघा मग बुडवा, ही अक्कल आपल्याला सत्तर वर्षांपूर्वी होती. फक्त ती मोठ्या धरणापुरती राहिली, वीस एकराच्या सोलरपर्यंत आली नाही.

5. जुन्या वस्तीची जागा ओळखायची कशी? आम्ही काय पुरातत्त्ववाले नाही.

पुरातत्त्ववाले नसलात तरी पांढरी ओळखता ना? काळ्या रानात मध्येच राखाडी-पांढुरकी, भुसभुशीत, बाजूपेक्षा उंच जमीन, ती जुनी वस्तीच. शेकडो वर्षांच्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, सगळं कुजून ती माती झालेली असते. ती खताला चांगली म्हणून ट्रॉल्या भरभरून नेतात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी पांढऱ्या अशाच संपल्या, सोलरने नाही. पण उरलेल्या तरी वाचवूया.

दुसरी खूण कागदात आहे. महसूल रेकॉर्डला बेचिराख गाव असतं, विदर्भात त्यालाच रीठ म्हणतात. म्हणजे नाव आहे, शिव आहे, माणूस नाही. अशा गावाची जमीन प्रकल्पात येत असेल तर तिथे जुनं गावठाण कुठे होतं ते आधी शोधा, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) नकाशा असतो.

तिसरं, नदी-ओढ्याचे काठ. घोड, प्रवरा, गोदावरी, तापी, वर्धा, वैनगंगा यांच्या काठाच्या उंचवट्यांवर ताम्रपाषाण काळापासून (तांबं आणि दगडाची हत्यारं सोबत वापरायचे तो, लोखंडाच्या आधीचा काळ) वस्ती आहे. शिरूर तालुक्यातलं इनामगाव घोड नदीच्या काठी, दायमाबाद प्रवरेच्या काठी. आणि नदीकाठच्या दरडीत गोट्यांचा जाड थर उघडा पडलेला असेल तर तिथे त्याहून फार जुनी दगडी हत्यारं असू शकतात, नेवाशाजवळ चिरकीला तशी मोठ्या प्रमाणात मिळालीत.

6. खापरं तर सगळ्याच शेतात निघतात. परवाच्या माठाचं कुठलं आणि जुनं कुठलं कसं कळणार?

एकट्या तुकड्यावरून ठरवू नका, गर्दी बघा. शेणखतातून आलेली खापरं सगळ्या रानात विरळ पसरलेली असतात, चार पावलांवर एक, कोपरे घासलेले. वस्तीची खापरं एका जागी दाट असतात, मोठे तुकडे, काठ आणि बूड असलेले, आणि त्याच्यासोबत जात्याचे तुकडे, भाजलेल्या मातीची ढेकळं, हाडाचे तुकडे, बांगड्या, मणी.

तरी थोडी ओळख हवी असेल तर ही घ्या. जोर्वे पद्धतीचं, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण वस्त्यांमधलं खापर नारिंगी-लाल, पातळ, वर काळ्या रंगात रेघा आणि जाळी, नखाने टिचकी मारली तर खणखणतं. विदर्भातल्या शिळावर्तुळांशी जोडलेली भांडी बऱ्याचदा आतून काळी, आणि बाहेरून काठाजवळ काळी व खाली लाल अशी असतात. सातवाहन काळाच्या जागी मोठ्या आकाराच्या विटा, शिशाची नाणी मिळतात, तेर, पैठण, भोकरदन ही त्या काळातली गाजलेली नावं. गार किंवा अकीक दगडाची नखाएवढी धारदार पाती एकाच ठिकाणी पुष्कळ दिसली तर ती पण नोंदवा, ती मडक्यांच्याही आधीच्या काळातली असू शकतात.

पहिला पाऊस पडून गेल्यावर जाल तर नीट दिसतं सगळं. माती धुतली जाते, खापर धुऊन लाल होऊन वर राहतं, त्याच्या खाली मातीचा छोटा खांब उरतो आणि त्यावर ते टोपीसारखं बसलेलं असतं.

7. पाहणी कधी करायची, किती माणसं, किती दिवस लागतात?

पीक उभं असताना उपयोग नाही, कपाशी-तुरीत काही दिसत नाही. नांगरट झाल्यावर आणि वळीव पडून गेल्यावर सगळ्यात चांगलं. माळाला गवत वाळून गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते मे.

वेळेचा हिशोब साधा आहे. 25 एकर म्हणजे साधारण 10 हेक्टर. दहा-दहा मीटरवर ओळी धरल्या तर एकूण चाल होते 10 किलोमीटर. पाच जण असतील तर प्रत्येकी 2 किलोमीटर, म्हणजे फोटो काढत, नोंदी करत एका दिवसाचं काम. 1 मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागतात, म्हणजे 5 मेगावॅटचा प्रकल्प एका दिवसात चालून होतो, मग "पाहणीमुळे प्रकल्प लांबेल" असं कुणी म्हणालं तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. फोटोत मापासाठी पेन नाहीतर नाणं ठेवा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, आणि वस्तू खिशात घालून घरी आणू नका. जागेवरून उचललेलं खापर अर्धं मुकं होतं.

8. चालण्यापेक्षा जीपीआर मशीन लावलं तर? कंपनी तयार आहे.

तयार असतील तर नाही म्हणू नका, पण आपल्या जमिनीच्या अडचणी माहीत हव्यात. जीपीआर म्हणजे जमिनीत रेडिओ लहर सोडून खालचं बघणारं मशीन. त्याची लहर चिकण मातीत लवकर मरते आणि आपली काळी माती तर चिकणच, ओली असेल तर फार खोल दिसतच नाही. मॅग्नेटोमीटर इंग्लंडच्या शेतात छान चालतं, इथे खाली बेसाल्ट (आपला काळा कातळ), तो दगड स्वतःच चुंबकीय, म्हणून आकडे उसळतात आणि खरी खूण त्या गोंधळात हरवते. विजेचा रोध मोजणारी पद्धत काही ठिकाणी बरी पडते. म्हणून मशीन हे चालण्याच्या नंतर, शंका असलेल्या तुकड्यावर लावा. फक्त मशीनचा रिपोर्ट आला, "काही नाही" म्हणून, आणि कुणी जमीन चाललंच नाही, तर तो रिपोर्ट अपुरा आहे.

काळ्या मातीची अजून एक खोड लक्षात ठेवा. ती उन्हाळ्यात भेगाळते, वरच्या वस्तू भेगांतून खाली जातात, पावसात फुगते आणि खालचं वर येतं. त्यामुळे वर काही दिसलं नाही म्हणजे खाली नाहीच असं काळ्या रानात छातीठोक म्हणता येत नाही. म्हणून प्रश्न 16 मधली अट सगळ्यांनीच करारात घालावी.

9. सोलरचे खांब बारीक असतात, त्याने काय एवढं नुकसान होतं? उलट नांगर थांबतो ना?

अर्धं खरं आहे. ट्रॅक्टरची खोल नांगरट दरवर्षी वरचा थर उलटापालटा करते, पॅनलखाली ती पंचवीस वर्षं थांबते, हा फायदा आहेच आणि तो मान्य करायला हवा. आणि खांब बारीक असतात हेही खरं, पण ते साधारण दीड-दोन मीटर खोल जातात आणि एका मेगावॅटला शेकडो लागतात. ताम्रपाषाण वस्तीतलं घर काही मोठं नसायचं, त्यातून चार खांब गेले की जमीन, चूल, खालचं दफन सगळं भोसकलं जातं.

पण खांब हे सगळ्यात वाईट नाहीच. सगळ्यात वाईट आहे सपाटीकरण. उंचवटा दिसला की डोझर लावून तो खालच्या बाजूला ओढतात, आणि उंचवटा बहुतेकदा तोच असतो जो आपल्याला जपायचाय. त्यानंतर केबलचे चर, साधारण पाऊण-एक मीटर खोल आणि सलग लांब. मग आतले रस्ते, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा, कुंपणाचे खड्डे, पाणी जायला नाली. आणि एक जे कुणी विचारत नाही: मुदत संपल्यावर खांब उपटतील तेव्हा पुन्हा सगळं ढवळलं जाणार, म्हणून काढतानाची पद्धत पण करारात आत्ताच लिहून घ्या.

10. काही सापडलं तर सरकार जमीन घेईल? भाडं बुडेल? प्रकल्पच जाईल?

ही भीती असते म्हणून लोक सापडलेलं लपवतात, म्हणून जरा सविस्तर. योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. कोरडवाहू माणसाला हा पैसा फार मोठा आहे, आणि दिवसा वीज मिळणं तर त्याहून मोठं, रात्री बारा वाजता साप-बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मी सोलरच्या बाजूनेच बोलतोय.

खापरं सापडली म्हणून जमीन जात नाही. एखादी जागा केंद्राला संरक्षित करायची असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस निघते, हरकत घेता येते. संरक्षित झाली तरी मालकी आपोआप सरकारची होत नाही, आणि तिथे शेती करायला पण बंदी नाही, अट एवढीच की एक फुटापेक्षा जास्त खोल खणायचं नाही. प्रत्यक्षात गावोगावच्या पांढऱ्या आणि दगडी वर्तुळं यातल्या बहुतेकांना कुणी संरक्षित करायला आलेलंच नाही, देशभरात केंद्राच्या यादीत सगळी मिळून जेमतेम 3,700 च्या आसपास स्मारकं आहेत.

प्रकल्पाचं म्हणाल तर सोलर हा असा प्रकल्प आहे की ज्यात जागा सोडणं सगळ्यात सोपं. धरणाची भिंत सरकवता येत नाही, पॅनलची ओळ येते. लेआउट कागदावर असताना अर्धा एकर वगळला तर ड्रॉइंगवर एक संध्याकाळ जाते, खांब ठोकल्यावर वगळायचं म्हटलं तर मग भांडण. म्हणून पाहणी करार होण्याआधी. वगळलेल्या तुकड्याचं भाडं चालू ठेवायचं हेही त्याच वेळी ठरवा, म्हणजे शेतकऱ्याला लपवायचं कारणच उरत नाही.

11. संरक्षित स्मारकापासून किती अंतर सोडायचं? वीज प्रकल्पाला सूट असते असं कंपनी म्हणते.

केंद्र संरक्षित स्मारक असेल तर 1958 चा कायदा आणि त्यातली 2010 ची दुरुस्ती लागू. संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित, त्यापुढे 200 मीटर नियंत्रित, तिथे सक्षम अधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. अंतर देवळाच्या भिंतीपासून मोजायचं नसतं, संरक्षित हद्दीपासून मोजायचं, इथे खूप जण चुकतात. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता सुटीचं. कायद्यात "बांधकाम" या शब्दाच्या व्याख्येतून काही कामं वगळलीत, त्यात जनतेला वीजपुरवठा आणि वितरण यासाठीची कामं आहेत. कंपन्या याच ओळीवर बोट ठेवतात. पण तिथे पुरवठा आणि वितरण लिहिलंय, वीजनिर्मिती असं लिहिलेलं नाही, आणि 20 एकर पॅनल म्हणजे गावात टाकलेला विजेचा खांब नव्हे. माझं स्पष्ट मत, अशा जागी कंपनीच्या तोंडी खात्रीवर राहू नका, प्राधिकरणाचं लेखी उत्तर मागा. स्मारक राज्य संरक्षित असेल तर राज्याचा 1960 चा कायदा लागतो, तिथे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात विचारा.

12. काम चालू असताना नाणी, दागिने, मूर्ती असं काही निघालं तर ते कुणाचं?

1878 चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा अजून चालू आहे. जमिनीत लपलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं, काय, कुठे, कधी. व्यवहारात तहसीलदारामार्फत जातं. चौकशीत ती बेवारस ठरली आणि जागेच्या मालकाशी आधी काही ठरलेलं नसेल तर सापडणाऱ्याचे तीन हिस्से, मालकाचा एक, आणि सरकारने ठेवून घेतली तर किंमत देऊन, त्यावर पाचवा हिस्सा जास्त. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परस्पर विकणं हा 1972 च्या कायद्याखाली वेगळा गुन्हा.

जेसीबीचा ऑपरेटर आणि मजूर बाहेरगावचे असतात, त्यांना हे कुणी सांगतच नाही. पहिल्या दिवशी सांगा, हिस्सा मिळतो हे पण सांगा. दायमाबादला 1974 मध्ये झाडाच्या मुळाशी खणताना एका माणसाला हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ अशा चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, मिळून 60 किलोच्या वर वजन. भंगारात गेल्या असत्या तर आज आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं.

13. आणि हाडं निघाली तर? मजूर घाबरून काम सोडतात.

आधी पोलीस पाटलाला कळवा, कारण हाडं अलीकडची असू शकतात. जुनी असण्याच्या खुणा म्हणजे सोबत मडकी असणं, वर दगडांचा गोल असणं, किंवा मडक्यातच हाडं असणं. इनामगावला लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरलेली मिळाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत बाळ. मोठ्या माणसांचे पाय घोट्याच्या खाली कापलेले असायचे. त्यांनी आपलं मूल घरातून लांब जाऊ दिलं नाही, एवढं मजुरांना सांगितलं तर भीती जाते, माझा अनुभव आहे. हात न लावता ताडपत्री किंवा माती पसरून झाकून ठेवा, उन्हात उघडी राहिली तर तडकून भुगा व्हायला लागतात.

14. बांधावरचा शेंदूर लावलेला दगड, वीरगळ, सतीशिळा उचलून देवळात नेऊ का? सुरक्षित राहील.

हेतू चांगला आहे पण आधी फोटो, लोकेशन, तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहा, आणि खात्याला कळवा. वीरगळ (लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) कुठे उभा आहे यावरून कधी जुनी वाट, कधी गावाची जुनी शिव, कधी लढाईची जागा कळते. पूजेतला दगड असेल तर ग्रामसभेत विचारल्याशिवाय कंपनीनेही हलवू नये, कुंपणाच्या आत गेला तर यात्रेला जायची वाट ठेवा. ही वाट सोडणं नकाशावर सोपं असतं आणि नंतर त्यावरूनच वाद होतात.

15. आमच्याकडे कोकणात सड्यावर सोलर येतंय. तिथे माती नाही, मग पाहणी कशाची?

तिथे तर जास्तच गरज आहे. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर (सपाट कातळाच्या माळावर) कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं आहेत, कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी, आणि गोव्यात उसगाळीमळ. 2022 मध्ये यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीचं हत्तीचं चित्र तर साधारण 18 मीटर लांब. वर मातीचा थर नसल्यामुळे इथे काही झाकलेलं नाही, डोझरचं पातं एकदा फिरलं की संपलं. वाळलेल्या गवतात दुपारी चित्र दिसत नाही, सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना चालून बघा, रेघांत सावली भरते. रेघांत साचलेली माती हलक्या झाडूने झाडा, खडूने रेघा भरू नका.

16. करार आधीच झालाय, काम महिन्याभरात सुरू होणार. आता काय करता येईल?

बरंच काही. सपाटीकरणाच्या आधी प्रश्न 7 प्रमाणे एक दिवस काढा, शंका असलेले तुकडे लेआउटवर लाल करून कंपनीला मेल करा, प्रत तहसीलदार, राज्य संचालनालयाचं विभागीय कार्यालय, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळाला. जवळच्या विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला फोटो पाठवा, संशोधक विद्यार्थी अशा निरोपाची वाटच बघत असतात. कंपनीने रिपोर्ट आणला असेल तर त्यात तीन गोष्टी शोधा: चाललेल्या ओळींचा नकाशा, चालल्याची तारीख (प्रश्न 7, पीक उभं होतं का), आणि गावातल्या कुणाशी बोलले ते. नसतील तर तो रिपोर्ट टेबलावर बसून लिहिलाय.

आणि पुरवणी करारात किंवा ग्रामसभेच्या ठरावात हा मजकूर घाला, वकिलाकडून भाषा नीट करून घ्या:

"गट नंबर ____ मधील जागेवर सपाटीकरणापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी करण्यात येईल व तिचा अहवाल ग्रामपंचायतीस देण्यात येईल. नकाशात दाखविलेल्या तुकड्यांत सपाटीकरण, खांब, चर व रस्ता करण्यात येणार नाही. त्या क्षेत्राचे भाडे चालू राहील. काम चालू असताना जुने अवशेष, दफन, नाणी वा मूर्ती आढळल्यास सभोवती 20 मीटरमधील काम तात्काळ थांबवून त्याच दिवशी तहसीलदार व ग्रामपंचायतीस कळविण्यात येईल. प्रकल्पाची मुदत संपल्यावर खांब काढतानाही हीच अट लागू राहील."